मसूर ते म्हसवड : नऊशे रुपयांचा हिशेब

पुण्याहून मिरजेकडे जाणारी पॅसेंजर रहिमतपूर, तारगाव ही स्टेशने मागे टाकून मसूरला थांबते. उतरणारे थोडे, चढणारे त्याहून थोडे. परक्या प्रवाशाला या स्टेशनाचे विशेष वाटण्याचे कारण नाही. परंतु आपल्या समाजातील माणूस इथे उतरला की त्याचे पाऊल क्षणभर अडखळते. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव घरातील इतर मुलांबरोबर याच स्टेशनावर उतरला होता. वडील, सुभेदार रामजी, खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावाच्या ठिकाणी रोखपाल होते आणि मुले सुट्टीत त्यांच्याकडे निघाली होती. अंगावर नवे कपडे, डोक्यावर नव्या टोप्या. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली, मुले महाराची आहेत असे कळताच त्याचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केल्यावर एकजण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकायची आणि आपण बाजूने पायी चालायचे या अटीवर. मुलांजवळ खाण्याचा डबा होता. पाणी मात्र त्या रात्री कोणी दिले नाही.

ही हकीकत वाचकांना पाठ आहे. आम्हीही ती विहारात, जयंतीच्या भाषणांत लहानपणापासून ऐकत आलो. या वेळी मात्र तिच्यातली एक बाजू नव्याने डोळ्यांत भरली, कारण आम्ही पैशाच्याच कामाला निघालो होतो. त्या मुलांजवळ पैसा होता. बाप सरकारी रोकड मोजणारा होता. त्या पैशाने गाडी आणली, पाणी आणले नाही. पैशाने काय होते आणि काय होत नाही, याचा धडा बाबासाहेबांना या स्टेशनावर मिळाला असे म्हटले तर चुकणार नाही. पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारा अर्थशास्त्रज्ञ तो हाच मुलगा.

आम्ही चौघी होतो. मुंबईच्या एका वस्तीतल्या दहा जणींच्या बचत गटातल्या. एकीची वडापावची गाडी, एक ब्लाऊज शिवते, एक घरी बसून दागिने ओवण्याचे काम आणते, एक विहाराच्या कोपऱ्यावर भाजीची पाटी लावते. गटात महिन्याला दोनशे रुपये जमा करतो आणि गरजेला आपसांत फिरवतो. अलीकडे एका कंपनीचा माणूस वस्तीत येऊ लागला होता. तारण नको, कागदपत्रे थोडी, प्रत्येकीला चाळीस हजार, हप्ता आठवड्याला. फक्त दहा जणींनी एकमेकींची हमी घ्यायची. व्याज विचारले तर म्हणाला, शेकडा एक रुपया महिना, म्हणजे काहीच नाही. आम्हाला पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे होते.

दहांपैकी सहा जणी सही करायला निघाल्या होत्या. आम्हा चौघींचा हात मागे येत होता. आमच्याच गल्लीतली एक भगिनी. तिने असे चार ठिकाणचे कर्ज घेतले. पहिले शिलाई मशीनसाठी होते, ते खरे होते. दुसरे नवऱ्याच्या आजारपणाला, तिसरे दुसऱ्याचा हप्ता भरायला, चौथे तिसऱ्याचा. सोमवार एकाचा, मंगळवार दुसऱ्याचा. तिने हप्ता चुकवला की कंपनीचा माणूस तिच्याशी बोलतच नसे. तो बाकीच्या बायांना सांगे, आणि त्या बाया, काल तिच्याबरोबर वंदनेला बसलेल्या, रात्री दहा-दहा वाजेपर्यंत तिच्या उंबऱ्यात बसून राहत. एके पहाटे ती लेकरांना घेऊन कुठे गेली ते आजवर कळले नाही. मशीन राहिले. त्यानंतर कित्येक महिने तिचा हप्ता बाकीच्या भरत होत्या, आणि भरताना तिलाच शिव्या देत होत्या. आम्हाला सर्वांत लागले ते हे. कर्जाने माणूस गावाला गेला हे दुःख जुने आहे, पण कर्जाने बहिणीला बहिणीची वसुली करणारी बनवले, ही नवी गोष्ट आहे.

म्हसवडच्या बायांची बँक आम्ही ऐकून होतो. जाऊन पाहू, बाजारात बसणाऱ्या बायांशी बोलू, असे ठरले आणि निघालो. मसूर हा काही सरळ रस्ता नव्हे. पण एवढ्या लांब आलो तर तो प्लॅटफॉर्म पाहून जाऊ असे शिवणकामवालीचे म्हणणे पडले आणि कोणी मोडता घातला नाही.

मसूरहून पुढे एस.टी. बदलत वडूज, मग दहिवडी, मग म्हसवड. २०२३ पासून एस.टी.त बायांना अर्धे तिकीट आहे, हिशेबाच्या वहीत ते आम्ही कौतुकाने मांडले. वडूजपर्यंत थोडी हिरवळ दिसते, पुढे मात्र माणदेश आपले रूप दाखवू लागतो. उघडे माळ, बोरी-बाभळी, दूरवर मेंढरांचा कळप आणि त्याच्या मागे खांद्यावर घोंगडी टाकलेला माणूस. मध्येच डाळिंबाची एखादी बाग आणि लगेच पुन्हा माळ. सह्याद्रीने ढग अडवून ठेवलेले, त्यामुळे पाऊस इथे येतो तो पाहुण्यासारखा. खिलार बैल या मुलखाचे नाव राखून आहेत. बाकी माणसे पोटासाठी बाहेर गेलेली, कोणी ऊसतोडीला, कोणी मुंबईला. जवळच आटपाडी. आपले शंकरराव खरात तिथले. 'तराळ-अंतराळ' वाचलेल्यांना हा माळ आणि या माळावरची तराळकी सांगायला नको.

म्हसवड हे माणगंगेच्या काठचे जुने गाव. सिद्धनाथाचे मोठे देऊळ आहे, मार्गशीर्षात रथ निघतो आणि त्या वेळी गावात पाय ठेवायला जागा नसते असे सांगतात. नदी आम्हाला दिसली ती बहुतेक वाळूची. आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस होता. आठवडे बाजाराचे रूप महाराष्ट्रात सगळीकडे एकच. बारदानावर मांडलेली वांगी-टोमॅटो, मिरचीचे ढीग, बांगड्यांची दोरीला टांगलेली हारे, बोंबील-सुकटीचा वास, कुऱ्हाडी-विळ्यांना धार लावणारा, चपलांचा ढीग, एका कडेला शेळ्या. फरक एवढाच की इथे विकणाऱ्यांत बायाच जास्त दिसल्या आणि गल्ल्यावर त्यांचाच हात होता. आम्ही ते मुद्दाम पाहिले. पुष्कळ बाजारांत बाई ओरडते आणि पैसे पुरुष घेतो.

या बँकेची हकीकत आता बाहेरही पुष्कळांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. मुंबईत वाढलेल्या आणि चळवळीतून आलेल्या चेतना गाला सिन्हा लग्न होऊन म्हसवडला आल्या. लोहारकाम करणारी एक बाई त्यांना भेटली. पावसाळ्याआधी झोपडीवर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा म्हणून तिला रोज थोडे पैसे साठवायचे होते, आणि तिचे एवढेसे खाते उघडायला कोणतीही बँक तयार नव्हती. तिला कर्ज नको होते हे आम्ही इथे अधोरेखित करतो. तिला स्वतःचे पैसे ठेवायला जागा हवी होती. तेव्हा बायांची बँकच काढू असे ठरले. अर्ज रिझर्व्ह बँकेकडे गेला आणि परत आला. कारण असे की संस्थापक सभासदांत सही न येणाऱ्या, अंगठा उठवणाऱ्या बाया होत्या. बायांनी हार मानली नाही. अक्षरे गिरवायला बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला साहेबांपुढे उभ्या राहिल्या. आम्हाला वाचता येत नाही पण हिशेब येतो, कोणत्याही मुद्दलाचे व्याज तोंडी विचारा आणि तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करायला सांगा, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे होते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

पुढची गोष्ट याहून गमतीची. बायांना पासबुक घरी न्यायचे नव्हते. घरातल्या पुरुषाच्या हाती पासबुक लागले की शिल्लक कळते आणि शिल्लक कळली की ती राहत नाही. मग कार्डाची सोय निघाली. तेव्हा काही बाया म्हणाल्या की गुप्त आकडा नको, तो कोणीही चोरील, आमचा अंगठाच घ्या, अंगठा चोरता येत नाही. ज्या अंगठ्यासाठी अर्ज परत आला होता तोच अंगठा त्यांनी कुलूप म्हणून मागून घेतला! आमच्यापैकी जिची आई गावच्या सावकाराच्या कागदावर अंगठा उठवून जमीन घालवून बसली होती, ती हे ऐकून बराच वेळ गप्प होती.

सावकार, गहाण, दागिना हे शब्द आपल्याला परके नाहीत. बाबासाहेबांना पुस्तके हवी असत तेव्हा सुभेदार रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना मागून सावकाराकडे ठेवीत आणि पेन्शन आली की तो सोडवून परत करीत. हे कर्जच होते. पण ते कशासाठी घेतले, कशातून फिटणार आणि कोणत्या दिवशी, हे तिन्ही रामजींना कर्ज घेण्याआधी ठाऊक होते. माणदेशात २०१२ च्या दुष्काळात बाया जनावरांच्या चाऱ्यासाठी अंगावरचा दागिना गहाण ठेवायला बँकेत येऊ लागल्या. दागिन्याने चारा मिळेल, पण पाणी कुठून आणणार, असा प्रश्न पुढे आला, आणि त्यातून म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. पैसा असून पाणी नाही! मसूरच्या गाडीत आणि या छावणीत कारणे वेगळी होती, तरी आम्हाला एकीवरून दुसरी आठवली.

बाजारात फिरता फिरता सुक्या मासळीच्या ढिगामागे बसलेल्या एका मावशींच्या गळ्यात बाबासाहेबांचे लॉकेट दिसले. "जयभीम मावशी" म्हणताच त्यांनी बाजूचे पोते झटकून आम्हाला जागा केली. साठीच्या आसपासचे वय, हातात तागडी, आणि बोलण्यात गिऱ्हाइकाला उभे करण्याची ताकद. आठवड्याला चार बाजार करतात. आमचे काम ऐकल्यावर त्या हसल्या.

"आवं पोरींनो, ह्या व्याजानंच माझी निम्मी उमर खाल्ली."

त्यांनी सांगितले ते असे. पूर्वी एका बाजारात सकाळी एकजण येई. हातावर नऊशे ठेवी आणि सांजेला हजार घेई. कागद नाही, अंगठा नाही. त्या नऊशेचा माल घ्यायचा, तो विकायचा, हजार द्यायचे आणि उरेल ते घरी न्यायचे. उरे दोन-अडीचशे, कधी तेवढेही नाही. पण पैसे मागितल्याबरोबर मिळत आणि कोणी जात विचारीत नसे, म्हणून तो माणूस त्यांना देवासारखा वाटे. बँक त्यांना बसायला खुर्ची देत नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आम्ही तिथेच पोत्यावर बसून आकडे मांडले. नऊशेवर शंभर, म्हणजे एका दिवसाला शेकडा अकरा रुपयांहून जास्त. आठवड्याचा एकच बाजार धरला तरी वर्षाचे बावन्न बाजार, म्हणजे ५,२०० रुपये. मुद्दल नऊशेच, आणि वर्षाअखेरी ते नऊशेही आपले नाहीत. आज नऊशेचे नऊ हजार झाले असतील, प्रमाण तेच आहे. मुंबईच्या भाजी मार्केटात पहाटे असाच व्यवहार चालतो हे आमच्या भाजीवालीने कबूल केले. तीही कधीमधी घेते.

"मग सुटला कशा?" आम्ही विचारले.

"नऊ बाजार काढलं," मावशी म्हणाल्या.

शंभर-शंभर बाजूला टाकले तर नऊ बाजारांत नऊशे होतात, दहाव्या बाजाराला त्या माणसाला सांगायचे की आज नको. एवढे साधे. पण साधे दिसते तेवढे सोपे नाही, कारण त्या नऊ बाजारांत त्याचे शंभरही द्यावेच लागतात. म्हणजे दोन-अडीचशेतून आणखी शंभर काढायचे आणि घरी उरलेल्यावर भागवायचे. मावशींनी आणि त्यांच्या सासूने मिसरी सोडली. येताना जीपने आल्या तरी जाताना पायी गेल्या. दोनदा मोडले. एकदा नातवाला ताप आला, एकदा पाहुणे आले. साठवलेले गेले आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले. तिसऱ्या खेपेला जमले. पैसे घरी ठेवले असते तर तिसऱ्या खेपेलाही जमले नसते, ते त्यांनी गटात ठेवले. दहाव्या बाजाराला त्या माणसाला नको म्हटले तेव्हा तो रागावला नाही. "पुढल्या बाजाराला घेशीलच की" असे म्हणून गेला. त्यानंतर मावशींनी त्याच्याकडून एकदाही घेतले नाही.

मावशींच्या कनवटीला तीन कापडी पिशव्या आहेत. एक मालाची, एक घरची, एक आजारपणाची. बाजार उठल्यावर तिथेच बसून त्या गल्ला तीन पिशव्यांत वाटतात, घरी जाऊन नाही. सर्वांत मोठी पिशवी मालाची. घरात अडचण आली तर मालाच्या पिशवीतून काढतात, पण नातवाकडून वहीत लिहून घेतात की घराने मालाचे अमुक देणे लागते. स्वतःचीच स्वतःकडे उधारी! आम्ही हसलो तर त्या गंभीर झाल्या. "मालाच्या पिशवीला त्वांड न्हाय, ती मागाया येत न्हाय. म्हणून लिवायचं."

तथागतांनी राजगृहाच्या वेळुवनात सिगाल नावाच्या गृहपतीच्या मुलाला जो उपदेश केला, तो दीघनिकायात सिगालोवाद सुत्त म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्यात आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. मावशींनी हे सुत्त ऐकलेले नव्हते. आम्ही सांगितले तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून पाहिले आणि म्हणाल्या, दोन भाग धंद्याला हे बरोबर, पण घराला एकच भाग म्हणणाऱ्याच्या घरी किती माणसे होती ते विचारा. आम्हाला त्यांचे बोलणे आवडले. भिक्खूंनी याचे उत्तर जरूर द्यावे. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत ऋण नसण्याचे सुख वेगळे मोजले आहे. त्या सुखाबद्दल मात्र मावशींचा काही आक्षेप नव्हता.

दुपारी मावशींची सून जेवण घेऊन आली. बारावी शिकलेली, गटाची वही तीच लिहिते. कंपनीच्या माणसाचे "शेकडा एक रुपया महिना" तिला सांगितले तर तिने पहिला प्रश्न विचारला, "मुद्दल कमी होत जाईल तसं व्याज कमी होणार का?" आम्ही एकमेकींकडे पाहिले. तिने दहा हजारांचे उदाहरण घेतले. शेकडा एक रुपया महिना म्हणजे वर्षाचे १,२०० व्याज. ११,२०० रुपये बारा हप्त्यांत, हप्ता ९३३ च्या पुढे. पण सहा महिन्यांनी निम्मे मुद्दल तुम्ही परत केलेले असते, तरी व्याज पूर्ण दहा हजारांवरच चालू राहते. शेवटच्या महिन्यात तुमच्याजवळ हजाराच्याही आतले मुद्दल असते आणि शंभर रुपये व्याज भरता. घटत्या शिलकीवर धरले तर हा दर बाराचा नाही, जवळजवळ एकवीस-बावीस टक्क्यांचा होतो. तोंडी सांगितलेल्या दरावर कधी विश्वास ठेवू नका, कागदावरचा वार्षिक दर वाचा, असे तिचे सांगणे होते.

कागद देणे बंधनकारकही आहे. आंध्रात २०१० साली अशा कर्जांच्या वसुलीवरून मोठा हाहाकार झाला, त्यानंतर नियम होत गेले. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू झाले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जाला ते लागू पडतात. घरातील सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सर्व खर्च धरून वार्षिक दर किती ते लिहून द्यायचे, कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी त्रास द्यायचा नाही, धमकी-शिवीगाळ तर नाहीच. हप्ता ठरलेल्या जागी घ्यायचा. लागोपाठ दोनदा तिथे कर्जदार आला नाही तरच घरी जायचे. आमच्या गल्लीतल्या त्या भगिनीच्या उंबऱ्यात रात्री दहापर्यंत बाया बसत होत्या तेव्हा हे नियम लागू होते. वस्तीत ते कोणी वाचून दाखवले नव्हते.

इथे आमच्या वडापाववालीने तोंड उघडले. ती आल्यापासून कमी बोलत होती, कारण तिला कर्ज हवे होते. म्हणाली, तुम्ही सगळ्या कर्जाला नावे ठेवता, पण मोठी कढई, दुसरी शेगडी घेतल्याशिवाय माझी गाडी वाढणार कशी? नऊ बाजार काढून चाळीस हजार होत नाहीत. तिचे खरे होते. मावशींनी तिला विचारले, दिवसाला नफा किती? "अडीच हजार." मावशी म्हणाल्या, "त्यो गल्ला. नफा सांग."

सुनेने वही उघडली. पाव सहाशे, बटाटा-कांदा साडेतीनशे, तेल साडेतीनशे, बेसन-मसाला अडीचशे, गॅस दीडशे, हाताखालच्या पोराचे तीनशे. बेरीज दोन हजार. उरले पाचशे, घरच्यांनी खाल्लेले वडे सोडून. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीन हजार. चाळीस हजारांचे त्या माणसाच्या दराने वर्षाचे ४४,८०० होतात, आठवड्याला साधारण ८६० रुपये. जड आहे, पण पेलण्यासारखे आहे. तेच ८६० ब्लाऊज शिवणारीला पितृपक्षात कुठून आणणार? त्या पंधरवड्यात तिच्याकडे कापड येत नाही. आणि हमी घेतली म्हणजे तिचे ८६० वडापावच्या गाडीतून जायचे. दुखणे कर्जात नव्हते, दहा जणींच्या गाठोड्यात होते, हे आम्हाला त्या पोत्यावर बसून कळले.

अशी एकटीच्या धंद्याची सोय दुसरीकडे नाही असेही नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज विनातारण आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. तिथे हेलपाटे घालावे लागतात, दाखल्यामागून दाखले मागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. कंपनीचा माणूस घरी येतो म्हणूनच तो गोड वाटतो.

मावशींची एक गोष्ट मात्र कोणत्याही बँकेच्या वहीत बसणारी नाही. धंदा जरा बसल्यावर त्यांनी आपल्या गावाच्या फाट्यावर चहाची टपरी टाकली. पैसे स्वतःचे होते, जागा चांगली होती. वाटसरू थांबत. गावातली माणसे मात्र समोरून जात आणि पुढच्या हॉटेलात बसत. कोणी काही बोलले नाही, भांडण झाले नाही. आठ महिन्यांत टपरी मोडली. "सुकट घेताना जात दिसत न्हाय, ती घरी जाऊन शिजवायची असती. च्या माझ्या हातचा प्यावा लागतो." एवढेच बोलून त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. भांडवल बँक देईल, गिऱ्हाईक कोण देईल? कर्जाच्या योजना आखणाऱ्यांनी हा रकाना आपल्या फॉर्मात घातलेला आम्ही अद्याप पाहिला नाही. आमच्या वडापाववालीची गाडी मुंबईत चालते, कारण तिथे तिचे आडनाव गाडीवर लिहिलेले नाही. तिने ते मुद्दाम लिहिलेले नाही, हेही तिने त्या दिवशी प्रथमच सांगितले.

उन्हे उतरली तशी पाले सुटू लागली. मावशींनी बारदाने गुंडाळली, तीन पिशव्या काढल्या आणि आमच्या देखत गल्ला वाटला. निघताना आम्ही थोडी सुकट मागितली. घरी पाहुण्या आलेल्यांना फुकट देतील असे वाटले होते. त्यांनी तागडीत नीट तोलली, वरती चिमूटभर घातली आणि वीस रुपये घेऊन मालाच्या पिशवीत टाकले.

दहिवडीच्या गाडीत आम्ही ठरवले ते असे. दहा जणींच्या हमीवर आम्ही चौघी सही करणार नाही. वडापाववालीचा मुद्राचा अर्ज दुसऱ्याच दिवशी भरायचा आणि हेलपाट्यांना दर खेपेला आमच्यापैकी एकीने तिच्याबरोबर जायचे. भाजीवालीसाठी गटातून नऊ आठवडे दर आठवड्याला शंभर वेगळे काढायचे, मोडले तर पुन्हा एकपासून. उरलेल्या सहा जणींशी रविवारी वंदनेनंतर विहारात बोलायचे. कंपनीच्या माणसालाही त्या वेळी बोलवायचे आणि कर्जाचे कार्ड मराठीत सर्वांसमोर त्याच्याकडूनच वाचून घ्यायचे.

रविवारी तो माणूस आला नाही. सहांपैकी चौघींनी सही पुढे ढकलली, दोघींनी दुसऱ्या गटात जाऊन केली. त्या दोघींच्या दारात हप्त्यासाठी जाऊन बसणार नाही, असे बाकीच्या आठ जणींनी वहीत लिहून सह्या केल्या आहेत.